अदिस अबाबा: गाइडसोबत की आपलं आपण?

मुंबईहून आफ्रिकेत जाताना अनेकांचं विमान इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबात बदलतं. मधे एक दिवस मिळाला (व्हिसाचं आधी बघून घ्या), तर शहर कसं पाहावं?

गाइड आणि गाडी घेतली की एन्तोतोची टेकडी सहज होते. शहरच सुमारे २,३०० मीटरवर आहे, टेकडी ३,०००च्या वर. पायी चढताना चांगलीच धाप लागते. राष्ट्रीय संग्रहालयात तर माहीतगार माणूस हवाच. १९७४ मध्ये सापडलेली, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची ‘लूसी’ म्हणजे माणसाच्या आदिम पूर्वजाचा सांगाडा; त्याची प्रतिकृती तिथे मांडलेली आहे. नुसती पाटी वाचून पुढे सरकलात तर काचेमागची चार हाडंच दिसतील. गाइड लूसी कुठे, कशी सापडली ते सांगतो आणि माणूस तिथे खिळून राहतो. मर्कातो बाजार अवाढव्य आहे. तिथेही सोबत असलेली बरी.

स्वतः फिरणं स्वस्त पडतं. निळ्या-पांढऱ्या मिनीबस आहेत, पण त्या कुठे जातात हे विचारतच चढावं लागतं. वेळ ठरवताना जपा: तिथलं घड्याळ सूर्योदयापासून मोजतं, म्हणजे सकाळचे आठ हे त्यांचे दोन.

तरीही मेस्केल चौकाजवळचं ‘रेड टेरर’ स्मारक संग्रहालय मी एकट्यानेच पाहायला सांगेन. दर्ग या लष्करी राजवटीत मारल्या गेलेल्यांचे फोटो भिंतभर आहेत. तिथे कुणी घाई करता कामा नये, आणि टूरमध्ये नेमकी तीच होते.

एकच दिवस असेल तर सकाळी गाइड घ्या, दुपार स्वतःकडे ठेवा.