बाईंची शिकवणी: अकरावी-बारावीच्या इतिहासाची दोन वर्षं

बाईंनी नाव-पत्ता कुठे लिहू नका असं बजावलंय, म्हणून इथे नुसतं ‘बाई’. शाळेतून निवृत्त झालेल्या, पुण्यात राहतात. तिसरा मजला, लिफ्ट नाही. एका वेळी आठच मुलं घेतात. माझी मुलगी रमा त्यांच्याकडे अकरावीच्या ऑक्टोबरपासून बारावीच्या परीक्षेपर्यंत जात होती. बोर्ड सीबीएसई, शाखा कला. गणिताची शिकवणी गल्लोगल्ली मिळते, इतिहासाची मिळता मिळत नाही, आणि मिळाली तर ती पारखायची कशी हे कुणी सांगत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आम्ही एका मोठ्या क्लासला वर्षाची फी एकरकमी भरली होती. तिथे छापील नोट्स मिळायच्या आणि दर शनिवारी पर्यायी प्रश्नांची चाचणी असायची. रमा रात्री घरात फेऱ्या मारत मेसोपोटेमियाची शहरं पाठ करायची, उरुक, उर, मारी, कोण आधी, कोण नंतर. सहामाहीला ८० पैकी ३८ पडले. मी उत्तरपत्रिका मागवून घेतली. नावं बरोबर, तारखा बरोबर. ‘मेसोपोटेमियात लिहिण्याची गरज का पडली?’ या प्रश्नाखाली पान भरलं होतं आणि त्या पानात कारण एकही नव्हतं.

बाई मुलाला एक दिवस बसवून बघितल्याशिवाय घेत नाहीत, आणि त्या दिवशी पालकांनीही मागे बसायचं असतं. मी बसले. गणपतीची उरलेली शाडू भिजवून प्रत्येकापुढे एकेक वडी ठेवली होती आणि बोरूसारखी तासलेली एकेक काडी. ‘तीन मेंढ्या, दोन पोती जव, एवढं लिहा,’ म्हणाल्या. रमा वळणदार अक्षर काढायला गेली तर काडीपुढे मातीचा बांध उभा राहिला आणि आधीची रेघ बुजली. दोनदा तसंच झालं. तिसऱ्यांदा तिने काडी ओढायची सोडून नुसती टेकवली. पाचरीसारखी खूण उमटली, स्वच्छ. क्लासच्या नोट्समध्ये ‘कीलाकार लिपी’ हा शब्द तिने शंभरदा वाचला असेल. खिळ्याचा तो आकार कुठून आला हे तिला त्या क्षणी बोटाला कळलं.

मग बाईंनी आदल्या दिवसाची कडक वाळलेली वडी पुढे केली. ‘हिच्यावर चौथी मेंढी वाढवा.’ काडी मोडली. म्हणजे व्यवहार बदलला की नवी वडी करायची, जुनीवर भर घालता येत नाही. मी सहकारी बँकेत रोखपाल आहे, बावीस वर्षं झाली. एका व्यवहाराला एक व्हाउचर, त्यात खाडाखोड चालत नाही, हा नियम मी रोज पाळते. मेसोपोटेमियाच्या उत्खननांत मातीच्या वड्या हजारोंनी का सापडतात ते मला मागच्या खुर्चीवर बसल्या बसल्या कळलं. त्याच दिवशी फी भरून आले.

बाईंचा मुख्य शब्द एकच: ‘कशावरून?’ वह्या पेन्सिलीने तपासतात, आणि समासात चूक-बरोबरच्या खुणांपेक्षा हा शब्दच जास्त असतो. रमाने लिहिलं होतं, ‘हडप्पा संस्कृतीत मध्यवर्ती सत्ता असावी.’ समासात ‘कशावरून?’ मग तिने भर घातली: विटांचं प्रमाण सगळीकडे सारखं, लांबी उंचीच्या चौपट आणि रुंदी दुप्पट, चर्ट दगडाची घनाकृती वजनं, लहान मापांत १, २, ४, ८, १६, ३२ अशी दुपटीने चढणारी, तीही गावोगाव तीच. त्याच्या समासात पुन्हा पेन्सिल: ‘वजनं सारखी म्हणजे राजा एकच, हे कशावरून? व्यापाऱ्यांनी आपापसात ठरवली नसतील?’ त्या रात्री जेवताना आमच्या घरी यावर वाद झाला. रमाचे बाबाही त्यात उतरले. उत्तर पक्कं ठरलं नाही, पण तज्ज्ञांमध्येही यावर एकमत नाही आणि परीक्षेत दोन्ही बाजू मांडल्या तरी गुण मिळतात, हे तिला कळलं.

नकाशाचंही तसंच. बारावीच्या पेपरात नकाशाला ५ गुण असतात आणि मुलं ते हमखास घालवतात. बाई ठिकाणांची यादी पाठ करून घेत नाहीत. नागेश्वर आणि बालाकोट या हडप्पाकालीन ठिकाणी शंखाच्या बांगड्या व्हायच्या. मग शंख येणार कुठून? म्हणजे दोन्ही ठिकाणं किनाऱ्याला. लोथलला मणी घडत, कारण कार्नेलियन हा लालसर दगड भडोचकडून यायचा. एकदा कच्च्या मालाची वाट कळली की ठिपका आपसूक जागेवर पडतो.

मला स्वतःला सगळ्यात आवडला तो नाण्यांचा तास. त्या दिवशी पाऊस होता म्हणून रमाला आणायला लवकर गेले आणि शेवटचा अर्धा तास बसायला मिळालं. टेबलावर चांदीच्या एका नाण्याच्या फोटोची मोठी प्रिंट होती. एका माणसाचा चेहरा, नाक-डोळा दिसतोय, आणि त्याच्या गालावरच तीन कमानींची टेकडी, खाली नागमोडी रेघ. ‘आधी काय छापलं, नंतर काय?’ मुलं प्रिंटवर ओणवी झाली. एक मुलगा म्हणाला, टेकडीची रेघ सलग आहे, चेहऱ्याची मध्येच तुटते, म्हणजे टेकडी नंतरची. मगच बाईंनी सांगितलं की चेहरा क्षत्रप राजा नहपानाचा आणि टेकडी सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला १३ हजारांवर नाणी एका ठिकाणी सापडली, त्यांतल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर असा दुसरा ठसा आहे. नहपान हरला हे कुठल्याही पोथीआधी ही नाणी सांगतात.

‘वितळवून नवी का पाडली नसतील?’ असा प्रश्न आला आणि बाईंनी तो माझ्याकडे वळवला, मी बँकेतली म्हणून. नोव्हेंबर २०१६ मध्ये मी काउंटरवर होते. चालतं चलन एका रात्रीत काढून घेतलं की बाजाराचं काय होतं ते मी काचेतून बघितलंय. मुलांना तेवढंच सांगितलं: चांदी तीच, वजन तेच, लोकांच्या कनवटीला होतं ते तसंच राहिलं आणि हुकमत तेवढी बदलली. बाई म्हणाल्या, ‘ही शक्यता झाली. वहीत शक्यता म्हणूनच लिहा.’ मला ते फार आवडलं.

याच सातकर्णीमुळे बारावीच्या पुस्तकातला नातेसंबंधांवरचा तिसरा धडा सोपा गेला. सातवाहन राजे नावापुढे आईचं नाव लावत, आणि नाशिकच्या लेण्यातला मोठा लेख गौतमी बलश्रीचा, म्हणजे त्याच्या आईचाच. तो धडा सुरू होतो महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीपासून. १९१९ मध्ये सुरू झालेलं, पुढे वि. स. सुखटणकरांच्या नेतृत्वाखाली आलेलं काम, ४७ वर्षं चाललेलं, १३ हजारांवर पानांचं, आणि त्यातली निम्म्याहून जास्त पानं निरनिराळ्या प्रतींतले पाठभेद नोंदवण्यात गेलेली. हे सगळं आपल्या भांडारकर संस्थेत झालं. त्या रस्त्याने मी वर्षानुवर्षं बसने जाते आणि तिथे काय घडलं हे मला मुलीच्या पाठ्यपुस्तकातून समजलं. बाईंनी मुलांना संस्थेच्या फाटकाशी नेऊन तो उतारा उभ्यानेच वाचून दाखवला.

कार्ल्याला एका रविवारी लोकलने मळवलीपर्यंत नेलं, वर्गणी काढून. तोवर मुलांना ब्राह्मीची मोजकी अक्षरं येत होती: क म्हणजे अधिकचं चिन्ह, न म्हणजे आडव्या रेघेवर उभी रेघ, म म्हणजे गोलावर दोन शिंगं. चैत्यगृहाच्या खांबांवर दान देणाऱ्यांचे लेख आहेत, त्यांत धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे तेव्हाच्या भाषेत ग्रीक, हेही आहेत. मोबाइलच्या उजेडात रमाने ‘यवन’ ही तीन अक्षरं स्वतः लावली आणि तिथूनच मला फोन केला. तिला धड बोलता येत नव्हतं इतकी ती खूश होती.

आता जे कमी पडलं तेही लिहायला हवं. बाई फार सावकाश जातात. बारावीत प्राचीन, मध्ययुगीन आणि आधुनिक या तिन्ही भागांना प्रत्येकी २५ गुण आहेत, आणि बाईंचा जीव पहिल्या भागात. डिसेंबर उजाडला तरी १८५७ला हात लागला नव्हता. तो आणि संविधाननिर्मितीचा धडा आम्ही घरीच केला. ते बरोबर नव्हतं आणि मी त्यांना तसं बोललेही. वेळेचा सरावही त्या घेत नाहीत. तीन तासांत ३४ प्रश्न सोडवायचे असतात, आणि ‘कशावरून’ची सवय लागलेली मुलं तीन गुणांच्या प्रश्नालाही दीड पान लिहितात. अकरावीच्या वार्षिकला रमाचा शेवटचा आठ गुणांचा प्रश्न राहून गेला. पुढे मी घड्याळ लावून दर रविवारी पेपर सोडवून घेतला तेव्हा हात आटोक्यात आला. शिकवणं मराठीत आणि पेपर इंग्रजीत, याचा पहिले दोन महिने त्रास झाला. नंतर उलट फायदा झाला, कारण आधी समजलं आणि मग भाषांतर केलं.

बोर्डाला लेखीत ८० पैकी ७१ मिळाले. उताऱ्यांवरचे तीन प्रश्न, १२ गुणांचे, तिला सगळ्यात सोपे वाटले असं ती पेपरहून येताच म्हणाली.

शिकवणी मंगळवार आणि शुक्रवार, साडेपाच ते साडेसात, पण साडेसातला सुटलेली मी कधी बघितली नाही, तेव्हा पुढे दुसरा क्लास ठेवू नका. आमच्या वेळी फी महिन्याला १,८०० रुपये होती. बाई एकरकमी घेत नाहीत आणि मे महिन्याचे पैसे मागत नाहीत. प्रवेश जुन्या मुलांच्या ओळखीनेच होतो. तुमच्या भागात अशी दुसरी शिकवणी मिळाली, तर एक तास मागे बसायला मिळेल का एवढं फी विचारण्याआधी विचारा.