आठ महिने वापरलेल्या राउटरचा अनुभव (मधे तीन दिवस मेला होता)

राउटर घेऊन आठ महिने झाले. खरं तर चौथ्या महिन्यातच लिहायला घेतलं होतं, अर्धवट पडून राहिलं आणि बरंच झालं, कारण पाचव्या महिन्यात हा पठ्ठ्या फर्मवेअर (राउटरच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करताना गचकला आणि तिसऱ्या दिवशी उठून परत कामाला लागला. कंपनीचं नाव घेत नाही. ड्युअल बँड आहे (२.४ आणि पाच गीगाहर्ट्झ, दोन्ही), चार अँटेना, गिगाबिट पोर्ट, २,३०० ला घेतला होता, या रेंजमधले सगळे थोड्याफार फरकाने असेच असतात.

पहिले चार महिने सांगण्यासारखं काही नाही. पुण्यात धायरीत टू बीएचके, १०० एमबीपीएसचा प्लॅन, हॉलमध्ये पाच गीगाहर्ट्झवर ९०-९५ मिळतात, मागच्या बेडरूममध्ये मधे दोन भिंती आल्या की ३५-४० वर येतो. बायकोचं वर्क फ्रॉम होम, पोराचा क्लास, आईच्या मालिका, सगळं एकदम चालतं. एकच कटकट होती, गिझरचा स्मार्ट प्लग २.४ वर टिकायचा नाही, दर दोन दिवसांनी गायब. नवीन फर्मवेअरच्या यादीत नेमकं तेच दुरुस्त केलंय असं लिहिलेलं दिसलं म्हणून मी अपडेटच्या वाटेला गेलो. नाहीतर चालत्या गाडीला खीळ घालणाऱ्यातला मी नाही.

आता माझा गाढवपणा. वार होता गुरुवार. पुण्यात राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको, आमच्याकडे मेंटेनन्सची लाइट गुरुवारीच जाते. मला वाटलं इन्व्हर्टर आहे की, काय फरक पडतो. अपडेटची पट्टी साधारण साठ टक्क्यांवर असताना लाइट गेली, पंखा फिरत राहिला, दिवे चालू राहिले, आणि राउटरचे दिवे मात्र एकदा विझून परत लागले. नंतर कळलं की इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा खटका असतो, नॉर्मल आणि यूपीएस, आणि नॉर्मल मोडमध्ये लाइटवरून बॅटरीवर जायला जो क्षणभर वेळ लागतो तो पंख्याला कळतही नाही पण राउटर तेवढ्यात रिस्टार्ट होतो. आमचा खटका तीन वर्षं नॉर्मलवर होता. इलेक्ट्रिशियनने लावला तसा.

मग फक्त पॉवरचा दिवा लुकलुकत राहिला, वायफायचं नाव गायब. मी अर्धा तास हात लावला नाही, कारण काही वेळा आत लिहिणं चालूच असतं आणि आपणच घाईने प्लग उपटून उरलंसुरलं घालवतो. अर्ध्या तासानंतरही तेच. लॅपटॉप केबलने जोडला तर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता (आयपी) आला, म्हणजे राउटरने पत्ता दिलाच नाही, विंडोजने आपल्या मनाने घेतला. रिसेटचं बटण पिनने दाबून झालं. ती जुनी तीस-तीस-तीस सेकंदवाली ट्रिक पण केली. ही ट्रिक दहा जण सांगतात पण ती डीडी-डब्लूआरटी या जुन्या फुकट राउटर-फर्मवेअरच्या जमान्यातली आहे, आणि रिसेट फक्त सेटिंग पुसतो. जिथे फर्मवेअरच अर्धं आहे तिथे सेटिंग पुसून काय होणार?

एक गोष्ट आधी केली ती बरी केली, अॅडॅप्टर बदलून बघितला. १२ व्होल्टचा अॅडॅप्टर कमजोर झाला की राउटर बूट होता होता बसतो, परत उठतो, परत बसतो, आणि लोक त्याला फर्मवेअर गेलं म्हणतात. बदलताना व्होल्ट तोच पाहिजे, अँपिअर तेवढा किंवा जास्त. माझ्या केसमध्ये अॅडॅप्टर ठणठणीत निघाला, म्हणजे दुखणं आतलंच.

शुक्रवारी सर्व्हिस सेंटर. काउंटरवरच्या मुलाने प्लग लावला, पाच सेकंद बघितलं आणि म्हणाला, "सर बोर्ड गेलाय." मी म्हटलं अरे अपडेट करताना लाइट गेली, बोर्ड कसा जाईल. म्हणाला, "तेच सर, बोर्डच जातो त्यात." ठेवून जा, दहा-बारा दिवस लागतील, वॉरंटीत बसतं का ते वरून कळेल. दहा दिवस घरी इंटरनेट नाही ही कल्पनाच बायकोला ऐकवायची हिंमत नव्हती, ती आधीच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करत होती आणि रोजचा दोन जीबी दुपारी चारला संपत होता. राउटर पिशवीत घालून परत आणला.

घरी जुना राउटर माळ्यावर होता तो काढला, लावला, तर नेट येईना. युजरनेम पासवर्ड बरोबर, तरी येईना. केबलवाल्या दादाला फोन केला तेव्हा कळलं की त्यांच्याकडे मॅक बाइंड असतो, मॅक म्हणजे प्रत्येक राउटरचा स्वतःचा ओळख क्रमांक, आणि कनेक्शन माझ्या मेलेल्या राउटरच्या मॅकला बांधलेलं. "आधी सांगायचं ना साहेब, दोन मिनिटाचं काम आहे," म्हणाला, आणि खरंच दोन मिनिटात सोडून दिलं. हे न करता पण जमतं, मेलेल्या राउटरच्या बुडाला मॅक छापलेला असतो तो दुसऱ्या राउटरमध्ये मॅक क्लोन म्हणून टाकायचा. नेट आलं, घर शांत झालं, आणि मी निवांत मेलेला घेऊन बसलो.

आता मुद्द्याचं. राउटरच्या आत फ्लॅशची चिप असते, तिच्या सुरुवातीला बूटलोडर नावाचा छोटासा प्रोग्राम, बहुतेकांमध्ये यू-बूट, आणि त्याच्या पुढे सगळं फर्मवेअर. अपडेट होताना चिपचा पुढचा भाग तुकड्या-तुकड्याने आधी पुसला जातो मग लिहिला जातो. मधे वीज गेली की काही नवीन, काही कोरं, काही जुनं अशी खिचडी. पण बूटलोडरला साधारण अपडेट हात लावत नाही. म्हणजे घर पडलं तरी जोतं शाबूत असतं. पॉवरचा दिवा लुकलुकतोय याचाच अर्थ कोणीतरी आत जागं आहे, हे त्या काउंटरवरच्या पोराला माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, देव जाणे.

आणि हा बूटलोडर, रिसेट दाबून धरून राउटर चालू केला की, केबलवरून एका ठरलेल्या पत्त्यावर जाऊन एका ठरलेल्या नावाची फाइल मागतो. माझ्या राउटरच्या बाबतीत तो पत्ता १९२.१६८.०.६६. म्हणजे आपल्या लॅपटॉपला हाताने तो पत्ता द्यायचा, फाइल तिथे ठेवायची आणि टीएफटीपीने राउटरला वाढायची. टीएफटीपी म्हणजे फाइल पाठवायचा फारच साधा प्रकार, १९८० च्या आसपासचा, ना पासवर्ड ना काही, यूडीपीचा ६९ नंबरचा पोर्ट, ५१२ बाइटचा एक तुकडा द्यायचा, पोचला म्हणाला की पुढचा. १५ एमबीची फाइल म्हणजे तीस हजारांवर तुकडे, तरी काही सेकंदांत जाते. इतका साधा आहे म्हणून तर एवढ्याशा बूटलोडरमध्ये मावतो. यातलं एक अक्षर डब्यातल्या मॅन्युअलमध्ये नाही. मला पत्ता आणि फाइलचं नाव ओपनडब्लूआरटीवाल्यांनी (हे राउटरसाठी फुकट फर्मवेअर बनवतात) त्या मॉडेलची जी माहिती लिहून ठेवलीय तिथे मिळालं. त्यांचं फर्मवेअर न टाकताही त्यांचे उपकार घेतले म्हणायचे.

ऐकायला सोपं आहे, मला शुक्रवारची रात्र आणि शनिवारची दुपार लागली. काय काय चुकलं ते लिहितो कारण तुमचं पण तेच चुकणार आहे.

टीएफटीपीडी६४ हे छोटं सॉफ्टवेअर घेतलं, फाइल ठेवली, वायफाय बंद केलं (हे कराच, नाहीतर लॅपटॉपच्या मनात दोन पत्ते), रिसेट दाबला, काहीच नाही. लॉग कोरा. पंधरा-वीस वेळा केलं असेल. मग लक्षात आलं की राउटर बंद असताना लॅपटॉपच्या पोर्टला समोर कोणी नसतं म्हणून तो पोर्ट झोपतो, राउटर चालू झाला की पोर्ट उठून तयार व्हायला काही सेकंद घेतो, आणि बूटलोडर तेवढ्यात मागून थकून पुढे निघून गेलेला असतो. उपाय म्हणजे मधे एक स्विच ठेवायचा, म्हणजे लॅपटॉपचा पोर्ट कायम जागा. माझ्याकडे स्विच नव्हता. मग जुन्याच राउटरचे मागचे दोन लॅन पोर्ट वापरले, एकात लॅपटॉप, एकात मेलेला, त्याचा डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणं) बंद करून. झकास चाललं. केबल लॅन पोर्टमध्येच, बाहेरून नेट येतं त्या निळ्या वॅन पोर्टमध्ये नाही, हे सांगायची गरज नाही पण सांगतो कारण मी एकदा ते पण केलं.

तरी लॉग कोरा. आता फायरवॉल. विंडोजने पहिल्यांदा विचारलं होतं तेव्हा मी प्रायव्हेट नेटवर्कला हो म्हटलं होतं, पण असं हाताने पत्ता दिलेलं, पुढे इंटरनेट नसलेलं नेटवर्क विंडोज पब्लिक धरतं, आणि पब्लिकला मी नाही म्हटलेलं. दहा मिनिटांसाठी फायरवॉलच बंद केली. आता लॉगमध्ये पहिल्यांदा ओळ उमटली, राउटर फाइल मागतोय! ती ओळ बघून मी जो ओरडलो त्याने आई बाहेरून आली. "आलं का वायफाय?" म्हटलं, "नाही गं, पण मागतंय." ती परत गेली.

मागतोय पण मिळत नाही, फाइल सापडली नाही असं दाखवतंय. नाव बरोबर, डोळ्यांनी दिसतंय. हा सगळ्यात चीड आणणारा भाग. विंडोज फाइलचं शेपूट (नावामागचं डॉट बिन) लपवतो, मी नाव बदलताना मागे बिन टाइप केलं, आधीचं बिन लपलेलं होतंच, म्हणजे फाइलच्या नावामागे झालं डॉट बिन डॉट बिन. एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवा ही खूण केली, जास्तीचं शेपूट कापलं, परत रिसेट दाबून राउटर चालू केला, डब्लूपीएसचा दिवा लागला, लॉगमध्ये पट्टी पळाली, संपली. मग चार-पाच मिनिटं हाताची घडी घालून बसलो. मधे इन्व्हर्टरचा खटका यूपीएसवर केला होता हे वेगळं सांगायला नको. आणि एकेक करून सगळे दिवे लागले.

फाइलबद्दल सावध राहा, इथे मेलेला खरोखर मरू शकतो. एकाच मॉडेलच्या व्ही ३ आणि व्ही ४ (हार्डवेअर व्हर्जन) मध्ये आतली चिपच वेगळी असू शकते, बुडाचं स्टिकर भिंग लावून वाचा. झिप आली असेल तर उघडून आतली फाइल घ्या. काही कंपन्यांच्या फाइलमध्ये बूटलोडर पण भरलेला असतो, नावात बूट शब्द दिसतो, ती तशीच राउटरला वाढली तर गडबड होते, सुरुवातीचा भाग कापून टाकावा लागतो आणि किती कापायचा ते मॉडेलप्रमाणे. माझ्या फाइलमध्ये ते नव्हतं, असतं तर मी हात लावण्याआधी चार जणांना विचारलं असतं.

हे नाही जमलं तर पुढची पायरी म्हणजे राउटर खोलून बोर्डावरच्या पिनांना सीरियल केबल लावून थेट बूटलोडरशी बोलणं. तयारी म्हणून मी बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीतून यूएसबी ते सीरियलची छोटी पट्टी आणून ठेवली होती, लागली नाही. मित्राने तसं केलंय, त्याचं सांगणं एवढंच की ३.३ व्होल्टवर ठेव, लाल वायर जोडूच नको, नुसती ग्राउंड आणि आडव्या जोडलेल्या दोन (एकीकडची पाठवायची पिन दुसरीकडच्या घ्यायच्या पिनला), स्पीड बहुतेक ठिकाणी ११५२००. त्याच्याही पुढे चिपला क्लिप लावून लिहायचं, तिथे आधी चिपची कॉपी काढली नाही तर वायफायचं कॅलिब्रेशन आणि मॅक कायमचं जातं, कारण ते प्रत्येक पीसचं वेगळं असतं.

रिकव्हरीनंतरचे तीन महिने चांगले गेले. आधी जुनंच व्हर्जन टाकलं होतं, पंधरा दिवसांनी नवीन टाकलं, या वेळी केबलने आणि १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर, १,३०० ला पडला, फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही त्यावर. गिझरचा प्लग आता टिकतो, म्हणजे अपडेट खोटं नव्हतं. स्पीड होता तेवढाच. मे महिन्यात गरम होतो, टीव्हीच्या कपाटातून बाहेर काढला तर बरा राहिला. केबलवाल्याला सांगून मॅक परत बांधून घेतला. पीपीपीओईचा (नेटच्या लॉगिनचा) पासवर्ड कुठे लिहिलाय ते शोधण्यात गेलेला एक तास मात्र माझ्या नशिबाचा.

दुसरा घ्यायचा झाला तर मी आता अँटेना मोजणार नाही, मेल्यावर उठवायची सोय काय आहे ते आधी बघणार. आसुसवाल्यांचं रेस्क्यू मोड आणि त्यासाठी कंपनीचंच सॉफ्टवेअर आहे, मिक्रोटिकचं नेटइन्स्टॉल आहे, लिंक्सिसच्या डब्लूआरटी१९००एसीमध्ये तर फर्मवेअरच्या दोन कॉप्या असायच्या, एक बिघडली की दुसरीवरून बूट. या किमतीत दोन कॉप्या मागणं जास्त होईल, पण मॅन्युअलमध्ये चार ओळी छापायला काय जातं? त्याचा एक स्टार कापला, सर्व्हिस सेंटरचा अर्धा. पाचपैकी साडेतीन, आणि हो, परत घ्यायचा झाला तर हाच घेईन.

जुनी फर्मवेअरची फाइल, एक केबल आणि तो माळ्यावरचा राउटर आता एकाच पिशवीत आहेत. राउटरच्या बुडाला मार्करने पत्ता, फाइलचं नाव आणि पीपीपीओईचा पासवर्ड लिहिलाय, त्याखाली बायकोने तिच्या अक्षरात भर घातलीय: गुरुवारी नाही.