नावाचा अर्थ की नावाचा गोतावळा?

बारशाला आठ दिवस राहिले होते तेव्हा वहिनीने व्हॉट्सॲपवर दोन नावं पाठवली: रेयांश आणि सिद्धाराम. खाली एकच ओळ होती. "ताई, कानात तुम्हीच सांगणार, तर ठरवा पण तुम्हीच." आत्याचा मान असा गळ्यात पडतो. साडी काही उगाच मिळत नाही.

रेयांश वहिनीने मोबाइलवरच्या यादीतून काढलं होतं, पुढे अर्थ लिहिलेला 'सूर्याचा किरण'. सिद्धाराम आमच्या आजोबांचं. भाऊ-वहिनी पुण्यात, बारसं सोलापुरात, आणि माझ्याकडे याआधीच्या तीन बारशांचा अनुभव. त्या आठ दिवसांत दोन्ही नावं शेजारी ठेवून जे काही पडताळलं ते इथे मांडतेय. तुमच्याही घरात अशीच दोन पानांची यादी फिरत असेल.

आधी अर्थ. रेयांशमधला 'अंश' ठीक आहे, पण 'रेय' म्हणजे किरण हे संस्कृतात कुठून आलं? मला तरी त्यात इंग्रजीतला 'रे' घुसलेला दिसतो. या याद्यांचं असंच असतं. 'आरव'पुढे बिनधास्त 'शांत' लिहिलेलं असतं आणि कोश म्हणतो आवाज, कोलाहल. तान्ह्या बाळाला शोभतं म्हणा. 'रुद्र' सध्या जोरात आहे. शतपथ ब्राह्मणात त्याची गोष्ट आहे: जन्मलेलं पोर रडत होतं, प्रजापतीने विचारलं का रडतोस, तर म्हणे मला नाव नाही, नाव द्या. रडला म्हणून रुद्र. एवढ्यावर गप्प बसला का? नाही. मी याहून मोठा आहे, आणखी नाव द्या, असं करत आठ नावं वसूल केली. म्हणून अर्थ हाच निकष असेल तर निदान तो संस्कृत कोशात बघा, यादीवर विसंबू नका. नाहीतर शाळेत 'माझ्या नावाचा अर्थ' असा निबंध आला की पोरगं खोटं लिहून येईल.

पण खरा अर्थ सापडला तरी त्याचं वजन किती? आपल्याच जिल्ह्यातला पांडुरंग घ्या. पांडुरंग म्हणजे पांढऱ्या रंगाचा, आणि पंढरपूरच्या गाभाऱ्यात उभी आहे ती काळी मूर्ती. आजवर एकाही वारकऱ्याचं त्यात काही अडलेलं नाही. सीता म्हणजे नांगराने पडलेलं तास. बार्शी-माढ्याकडे बिभीषण नावाचे कितीतरी भले लोक भेटतात, शब्दाचा अर्थ भयंकर. राहुल म्हणजे बेडी, बंधन, अशी बौद्ध परंपरेतली कथा आहे. बुद्ध घर सोडण्याच्या बेतात असताना मुलगा झाला, म्हणून ते नाव. आज राहुल ऐकून कुणाला बेडी आठवते? कुणाला बुद्धाचा मुलगा आठवतो, कुणाला द्रविड. आणि शहराचं काय? सोळा गावांचं म्हणून सोलापूर असं आपण पाहुण्यांना सांगतो, शिलालेखांत मात्र नाव सोन्नलगी आहे. शब्दार्थ चुकला म्हणून शहर काही हललं नाही.

रोज ऐकू येतो तो नावाचा गोतावळा: त्या नावाची कोणकोण माणसं होऊन गेली, कुठल्या घरात ते ठेवतात, ऐकणाऱ्याला पहिल्यांदा काय आठवतं.

हा फरक नीट दिसायला दोन जुन्या नावांकडे बघावं लागतं. दगडू आणि नकुशी. अर्थाच्या तराजूत दोन्ही वाईटच. पण दगडू, धोंडू, केरबा ही नावं आधीची पोरं दगावलेल्या घरात ठेवायचे. मृत्यूची नजर पडू नये, त्याला वाटावं की इथे दगड आहे, केर आहे, नेण्यासारखं काही नाही. त्या हाकेत धास्ती असायची आणि मायाही. नकुशीत नुसता नकार. मुलगा हवा होता आणि तू आलीस, हे त्या मुलीला रोज शाळेच्या हजेरीत ऐकावं लागायचं. साताऱ्यात 2011 साली अशा दोनशेहून अधिक मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. अर्थ महत्त्वाचा का, या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळतं. मुलाला आयुष्यभर बोचेल असा अर्थ नको, एवढी चाळणी लावायची. त्या चाळणीतून दगडूसुद्धा एका काळी पास झाला, कारण सांगण्याजोगी गोष्ट पाठीशी होती.

आता सिद्धाराम. अर्थ विचारला असता तर आजोबांना सांगता आला नसता. त्यांच्यापुरता अर्थ म्हणजे तळ्यातला देव, सोलापूरचे सिद्धरामेश्वर. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती 68 लिंगं स्थापली, संक्रांतीला बाराबंदी घातलेली माणसं नंदीध्वजाच्या उंच काठ्या पेलत त्या लिंगांना फिरतात, गड्ड्याची जत्रा भरते. ते नाव घेऊन जन्मलेला पोरगा त्या मिरवणुकीत उपरा नसतो. कुठल्याही यादीतला शब्द हे देऊ शकत नाही.

पण किंमत पण पडते. सोलापुरात नाव पत्ता सांगतं. मल्लिनाथ, बसवराज म्हटलं की ऐकणारा कानडी घर धरतो, नरसय्या म्हटलं की पूर्वभागातलं तेलुगू विणकराचं. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेले आपले चार हुतात्मे बघा: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. नुसती नावं वाचली तरी चार घरं दिसतात. इथे आपण ती एका दमात घेतो आणि छाती फुगते. पण बाहेरगावी घरमालक तेवढ्याच नावावरून जात, भाषा, धर्म जोखतो आणि "कळवतो" म्हणून फोन ठेवतो. भावाने पुण्यात खोली शोधताना हे सोसलंय. ज्यांना नावापायी असं सोसावं लागलं, किंवा आईबाप दोन वेगळ्या समाजांतले आहेत, त्यांनी पत्ता नसलेलं नाव निवडलं तर मी नाक मुरडणार नाही. रेयांशची खरी ताकद तीच आहे. सूर्यकिरण वगैरे बाजूला ठेवा, ते कुणाचंच नाही हा त्याचा गुण. दोष पण तोच.

कुळात उचलण्यासारखं नाव नसेल तर तिसरी वाट आहे, आणि तिचं उदाहरण सोलापूरकरानेच घालून दिलंय. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथेच लग्न केलं आणि 1942 मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. बाळ चार महिन्यांचंही नव्हतं तेव्हा डॉक्टर गेले. त्या नावाचा अर्थ शोधायला कोश लागत नाही, घरची गोष्ट कळली की झालं.

राशीचं अक्षर मी लवकर आटोपते. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, 108 अक्षरं. दाते पंचांग सोलापूरचंच, त्यामुळे इथे प्रत्येक घरात कुणीतरी जाणकार निघतोच. आमच्या बाळाला निघालं उत्तरा भाद्रपदाचं चौथं चरण: ञ. ञ वरून नाव काढून दाखवा, मी साडी परत करते. गुरुजींनीच सुचवलं, नावरसनाव पूजेपुरतं वेगळं ठेवा, हाकेचं तुमच्या मनासारखं ठेवा. मिटलं.

हाकेवर मात्र वेळ घालवा. दोन्ही नावं जिन्याखालून वर ओरडून बघा, मी बघितलं. रेयांश मधेच विरून जातं, आणि शेजारच्या मावशींनी पहिल्याच दिवशी त्याचं 'रेवांश' केलं. सिद्धाराम लांब आहे, पण ठणठणीत पोचतं. गल्लीत त्याचं "काय बे सिद्या" होणार हे गृहीत धरा. इथे -या लागला नाही असं नाव जन्माला यायचंय. तो -या कानाला खटकत असेल तर नाव बदला, गल्ली बदलत नाही.

कागदाचं बघायला हवंच. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण त्यात बाळाचं नाव असलंच पाहिजे असं नाही. रकाना कोरा ठेवून वर्षभरात विनाशुल्क नाव घालता येतं, पुढे विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. तेव्हा दवाखान्यातून घरी सोडताना घाई केली तरी दबू नका. शिवाय 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम आहे, म्हणून चारी शब्द सलग मोठ्याने वाचून बघा. आईचं नाव दमदार असेल आणि मुलाचं दोन अक्षरी पिचकं, तर ते कानाला कळतं.

आणि स्पेलिंग. गिरणीच्या कागदावर आजोबा 'सिद्राम' होते, सातबाऱ्यावर 'सिद्धाराम'. ते गेल्यावर अज्जीच्या पेन्शनसाठी वडिलांना प्रतिज्ञापत्र करावं लागलं की सिद्राम ऊर्फ सिद्धाराम हा एकच इसम. जुनं नाव घ्यायचं तर इंग्रजीत एच कुठे, ए किती, हे एकदाच ठरवून घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये लिहून ठेवा. नवं बनवलेलं नाव यात सुटतं असं समजू नका. रेयांशच्या 'रे'लाच वाय की ई यावर भाऊ-वहिनीचं एक जेवण गार झालं.

मी कौल सिद्धारामला दिला. पोरगं पुण्यात वाढणार, गड्ड्याला वर्षातून एकदा येणार, म्हणजे सोलापूरशी त्याचा धागा फार तर नावाएवढाच राहील, असा माझा हिशोब. वहिनीला तो पटला. ते सोलापुरातच राहणार असते तर मी एवढा हट्ट धरला नसता, इथे धाग्यांना तोटा नाही.

अडचण आली ती वेगळ्याच बाजूने. अज्जीला कळवलं तर ती गप्प झाली. मला वाटलं गहिवरली. थोड्या वेळाने म्हणाली, "ठेवा की. पण ते नाव माझ्या तोंडून यायचं न्हाई." साठ वर्षांच्या संसारात तिने आजोबांचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. आता पणतवाला "सिद्धाराम, नळ बंद कर" म्हणून कशी ओरडणार? तिन्ही बारशांच्या अनुभवात हे मला सुचलं नव्हतं. आजोबांचं नाव ठेवणार असाल तर आजीला आधी विचारा.

तोडगा तिनेच काढला. जन्मदाखल्यावर सिद्धाराम, वहिनीच्या मैत्रिणींत सिड, गल्लीत सिद्या आणि अज्जीच्या तोंडी मालक. मालक सध्या कुठल्याच हाकेला मान वळवत नाहीत. वाटी-चमच्याचा आवाज आला की वळवतात.