काळी गाडी आणि डीआय फिल्टर: पाच महिने वापरल्यावर

डीआय फिल्टर म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार काढणारा फिल्टर, गाडी धुताना शेवटचं पाणी त्यातून घेतलं की वाळल्यावर डाग पडू नयेत अशी अपेक्षा असते. बॉनेटवर पाण्याच्या डागांची वाटाण्याएवढी पांढरी कडी दिसली तेव्हा फिल्टरमधून निघणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटर १८ पीपीएम, म्हणजे लिटरमागे १८ मिलिग्रॅम, दाखवत होता. फिल्टरसोबतच्या पत्रकात मात्र ५० पीपीएमपर्यंत कार्ट्रिज (आतला रेझिनचा डबा) बिनधास्त वापरा असं छापलंय. पांढऱ्या किंवा सिल्व्हर गाडीवर ते खपून जाईल. काळ्या, गडद निळ्या गाडीवर अजिबात नाही.

मिक्स्ड बेड रेझिन, म्हणजे क्षार धरून ठेवणारे बारीक मणी, संपत आलं की त्यातून सगळ्यात आधी सिलिका (वाळूतला मुख्य घटक) सुटते, कारण रेझिनची तिच्यावरची पकडच सैल असते. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून आकडा काढतो आणि विरघळलेल्या सिलिकातून ती जवळजवळ वाहतच नाही. त्यामुळे मीटर शांत असतो आणि सिलिका गाडीवर पोचलेली असते. आपल्याकडे बोअरचं पाणी बेसॉल्टमधून येतं, त्यात सिलिका असतेच. चुन्याचा ताजा डाग निम्मं पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने मिनिटभरात सुटतो, मग तो भाग लगेच धुऊन टाकायचा. सिलिकाचं कडं व्हिनेगरला दाद देत नाही, तिथे पॉलिशच लागतं, आणि प्रत्येक पॉलिशमागे क्लिअरकोट (रंगावरचा पारदर्शक थर) थोडा झिजतो. म्हणून मी आता आकडा १० झाला की कार्ट्रिज बदलतो.

आता मुख्य तक्रार. या फिल्टरला बायपास नाही. नळ सुरू केला की सगळं पाणी रेझिनमधूनच जातं, मडगार्डचा चिखल काढायचं पाणीसुद्धा. हिशोब बघा. १० इंची जंबो हाउसिंगमध्ये (फिल्टरच्या बाहेरच्या भांड्यात) साधारण अडीच लिटर रेझिन बसतं. एक लिटर मिक्स्ड बेड ढोबळमानाने २५ ग्रॅम क्षार धरतं, म्हणजे एकूण ६२ ग्रॅम. ३१० टीडीएसच्या पाण्याला ते २०० लिटर पुरतं. पाइपाने एक गाडी धुवायला १०० लिटर सहज जातात. पहिलं कार्ट्रिज बरोबर दोन धुण्यांत संपलं. खरं तर डीआय पाणी हवं असतं फक्त शेवटच्या १२ लिटरसाठी.

इलाज हार्डवेअरच्या दुकानातच आहे: अर्ध्या इंचाचे दोन टी (तीन तोंडांचे जोड), दोन बॉल व्हॉल्व्ह, टेफ्लॉन टेप. नळाला पहिला टी लावायचा. एक फाटा फिल्टरकडे, दुसरा थेट, दोन्हींवर एकेक व्हॉल्व्ह, आणि पुढे दुसऱ्या टीने दोन्ही परत एकाच पाइपात. धुणं आणि शाम्पू काढणं थेट पाण्याने, शेवटचं पाणी फिल्टरमधून. व्हॉल्व्ह फिरवल्यावर पहिलं लिटर-दीड लिटर पाणी बाजूला सोडायचं, कारण पाइपात जुनं पाणी असतं आणि आठवडाभर बसून राहिलेलं रेझिनही सुरुवातीला जास्त आकडा दाखवतं. दुसरं कार्ट्रिज असं वापरलं, १४ धुणी चाललं. एवढ्याशा जोडणीने सातपट फरक पडतो, तर ती खोक्यातच द्यायला काय हरकत होती? पाच महिन्यांनंतरही माझी या वस्तूवरची मुख्य नाराजी हीच आहे.

प्रवाह मंद आहे, मिनिटाला चारेक लिटर. सुरुवातीला मी याचा गुण कापला होता, तो परत देतो. पाणी रेझिनमधून घाईने ढकललं तर क्षार तसेच पुढे निसटतात. शिवाय शेवटच्या पाण्याला जोर नकोच असतो. नोझल काढायचं, पाइप टपावर धरायचा आणि पाणी चादरीसारखं खाली सरकू द्यायचं. थेंब कमी उरतात.

तरीही डाग पडतात ते आरशांखाली, दारांच्या हँडलमागे, नंबरप्लेटच्या कडेला, डिकीच्या पट्टीखाली. तिथे साधं पाणी अडकून राहतं आणि गाडी हलली की ओघळतं. १२ लिटरमधलं निम्मं पाणी या फटींवर खर्च करा, पेट्रोलचं झाकण उघडून तिथेही घाला, मग हँड ब्लोअर फिरवा. सिरॅमिक कोटिंग आहे म्हणून हे टाळू नका. कोटिंगमुळे थेंब गोल होतो, पण त्यातले क्षार कुठे जात नाहीत, वाळल्यावर तिथेच बसतात.

उन्हाळ्यात मत थोडं बदललं. डिसेंबरात सोसायटीच्या टाकीचं पाणी ३१० होतं. एप्रिलमध्ये टँकर आणि बोअरचं मिश्रण आलं आणि मीटरने ६९० दाखवलं. तिसरं कार्ट्रिज सहा धुण्यांत गेलं, वर सांगितलेली कडी त्याच धुण्यातली. ज्यांच्याकडे बाराही महिने ६००च्या वर पाणी येतं, त्यांना हा फिल्टर परवडणार नाही, असं मी आता स्पष्ट सांगेन.

त्यांनी घरच्या आरओचं शुद्ध पाणी साठवावं. आठ-दहा लिटर पाणी बागेच्या पाच लिटरच्या पंपात दोनदा भरून शेवटी फवारायचं. चवीसाठी क्षार मिसळणारा व्हॉल्व्ह असेल तर त्या पाण्याचा टीडीएस ५०-८० असतो, तेव्हा फवारून झाल्यावर मायक्रोफायबरने टिपून घ्यावंच लागतं. पुसायचं नाही, टॉवेल अंथरून उचलायचा. आरओचं बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र गाडीला कधीच वापरू नका. पाणी वाचवायच्या चांगल्या हेतूने अनेक जण वापरतात, पण नळाच्या पाण्यातले क्षार त्यातच गोळा झालेले असतात.

सॉफ्टनर घेऊ का, असं विचारणाऱ्यांसाठी: त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येतो, टीडीएस तसाच राहतो. डाग पडतो, फक्त सहज निघतो. आणि सॉफ्टनरसारखं या रेझिनला मिठाचं पाणी दाखवू नका, उरलंसुरलं रेझिनही त्याच क्षणी संपेल. हे घरी पुनर्जीवित होत नाही, त्याला आम्ल आणि कॉस्टिक दोन्ही लागतात.

ठेवताना दोन्ही तोंडांना टोप्या लावून सावलीत ठेवा, रेझिन सुकू देऊ नका. हाउसिंग हातानेच आवळा. पाना लावला की ओ-रिंग चेपते आणि पुढच्या वेळी तिथूनच गळायला लागतं.