फायटरची टाकी: कोणतं माप घ्यावं आणि सोबतीला कोण चालेल

एकटा फायटर (बेटा) मासा ठेवायचा असेल तर १८×१०×१० इंचांची दीड फुटी टाकी घ्या. सोबत आणखी मासे हवे असतील तर दोन फुटीच्या खाली उतरू नका. बाजारात ‘बेटा टँक’ म्हणून जे काही विकलं जातं, त्यातलं बरंचसं या मासळीसाठी कामाचं नाही. हा निकाल आधी देऊन टाकला, आता मापांसकट कारणं.

सगळ्यात आधी खोक्यावर छापलेले लिटर विसरा आणि टेप लावा. लांबी, रुंदी, उंची इंचांत मोजून गुणाकार करायचा आणि ६१ ने भागायचं, की लिटर निघतात. त्यातून तळाची दीड इंच वाळू आणि वरची दोन इंच मोकळी जागा वजा करायची. फायटर उडी मारतो, त्यामुळे काठोकाठ भरता येत नाही. या हिशेबात सहा इंची चौकोनी ॲक्रिलिक डबा, जो एलईडी दिवा, रंगीत खडे आणि प्लास्टिकच्या रोपासकट ऑनलाइन मिळतो, तो साडेतीन लिटरचा भरतो आणि प्रत्यक्षात त्यात जेमतेम दीड-दोन लिटर पाणी राहतं. आठ इंची गोल बाऊल काठोकाठ भरला तरी साडेचार लिटरच्या आत आहे.

‘हा मासा भातशेतातल्या डबक्यात राहतो, त्याला एवढंच लागतं’ हे दुकानातलं ठरलेलं वाक्य अर्धं खरं आहे. फायटर, म्हणजे बेटा स्प्लेंडेन्स, मूळचा थायलंडचा. तिथे त्याला पला कट म्हणतात आणि २०१९ साली तो त्या देशाचा राष्ट्रीय जलचर ठरला. तो उथळ, संथ, झाडोऱ्याच्या पाण्यात राहतो हे बरोबर. पण भातखाचराचं पाणी उथळ असलं तरी पसरलेलं असतं, आणि त्यात एकेक नर आपापला इलाखा धरून असतो. दुकानात तो पेल्यात जिवंत दिसतो याचं कारण वेगळं आहे. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, त्यातून तो पृष्ठभागावरची हवा थेट घेतो. म्हणजे पाण्यात ऑक्सिजन कमी असला तरी तो गुदमरत नाही. अमोनिया मात्र त्याचे कल्ले जाळतोच. दोन लिटर पाण्यात रोज चार-सहा दाणे पडले की दोन-तीन दिवसांत अमोनिया चढतो. मग दिवसाआड अर्धं पाणी बदलावं लागतं, आणि प्रत्येक बदलाला तापमान वर-खाली होतं. पंख मिटून तळाशी बसलेला फायटर बहुतेक घरांत याच चक्रात सापडलेला असतो.

तापमानाचा मुद्दा महाराष्ट्रात विशेष आहे. त्याला २५ ते २८ अंश हवेत. मुंबईत वर्षाचा बराच काळ हे आपोआप मिळतं. पुणे-नाशिकला डिसेंबर-जानेवारीत रात्री बाहेर पारा १० ते १२ वर येतो, आणि खिडकीजवळचा दोन लिटरचा डबा पहाटेपर्यंत गारठतो. त्या डब्यात हीटर लावावा, तर बाजारात सहज मिळणारा लहानात लहान हीटरही २५ वॉटचा असतो. त्याचा थर्मोस्टॅट अडकला तर एवढं पाणी पाहता पाहता जीवघेणं तापेल. वीस लिटरमध्ये तोच २५ वॉटचा हीटर योग्य बसतो, बिघडला तरी तुम्हाला लक्षात येईपर्यंत वेळ मिळतो. दोन फुटीला ५० वॉटचा घ्या. थर्मामीटर मात्र वेगळा हवा, हीटरच्या चकतीवरचा आकडा प्रमाण मानू नये.

‘एक फुटी’ ही एकच टाकी नसते, आणि इथे गिऱ्हाईक हमखास फसतं. १२×६×८ ची एक फुटी साडेनऊ लिटरची, १२×१०×१० ची पावणेवीस लिटरची, तर १२ इंची क्यूब २८ लिटरचा. नाव तिघांचं एकच. वाळू आणि मोकळी जागा वजा केली की क्यूबमध्ये साधारण २० लिटर पाणी उरतं. १८×१०×१० मध्येही सुमारे १९ लिटरच उरतं. मग दीड फुटी का? कारण फायटर खाली-वर नाही, आडवा फिरतो, आणि त्याला सारखं वर येऊन श्वास घ्यायचा असतो. हाफमून या फायटरच्या प्रकारासारखं जड शेपूट वागवणाऱ्या माशाला बारा इंच चढून येणं म्हणजे कामच. उंच, अरुंद, मनोऱ्यासारख्या टाक्या दिवाणखान्यात छान दिसतात. फायटरसाठी त्या सगळ्यात वाईट. क्यूब घेतलाच असेल तर पाणी आठ-नऊ इंचांवर ठेवा आणि पृष्ठभागापासून दोन इंच खाली ॲनुबियास या पाणवनस्पतीचं रुंद पान येईल असं बांधा, तो त्यावर टेकतो.

टाकी तयार किटपेक्षा ॲक्वेरियमवाल्याकडून सिलिकॉन लावून बनवून घेणं परवडतं. दीड फुटीला ४ मिलिमीटर काच चालते, २४×१२×१२ ला ५ मिलिमीटर सांगा. खाली थर्माकोलचा शीट हवाच, नाहीतर टेबलाच्या बारीक उंचवट्यावरून काच तडकते. दोन फुटी भरल्यावर साठ किलोच्या घरात जाते, तेव्हा भिंतीतल्या प्लायवूडच्या फळीचा भरवसा धरू नका. झाकण हवंच, पण हवाबंद नको. पाणी आणि झाकण यांच्यामधली हवा ओलसर, कोमट राहिली की वर येऊन घेतलेला श्वास त्याला बाधत नाही.

किटबरोबर येणारा फिल्टर हा किटचा सगळ्यात कच्चा भाग. तो आत बसवायचा मोटरवाला फिल्टर एक फुटीत अख्खं पाणी घुसळतो. फायटर मग प्रवाहाविरुद्ध पोहून दमतो, नाहीतर फिल्टरच्या मागे लपून बसतो. त्याऐवजी स्पंज फिल्टर, छोटा एअर पंप आणि हवा कमी-जास्त करायची चावी एवढं पुरतं. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला. वीज गेली की नळीतून पाणी उलटं पंपात उतरतं, आणि ज्या गावात लोडशेडिंग आहे तिथे ही शक्यता रोजचीच.

नव्या स्पंजमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. हा काळ वगळून ‘आज टाकी, आज मासे’ करणाऱ्यांची टाकी पहिल्याच महिन्यात कोलमडते. ओळखीच्या माणसाच्या जुन्या, निरोगी टाकीतला वापरता स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो. नंतर दीड फुटीत आठवड्याला एकदा पाव पाणी बदललं की झालं. नळाच्या पाण्यात अँटिक्लोरीन घाला. स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका, काढलेल्या टाकीच्या पाण्यातच पिळा, नाहीतर क्लोरीनने जिवाणू मरतात. नुसतं आरओचं पाणी वापरणारे खूप आहेत. त्यात क्षार नसतात आणि पीएच एकदम कोसळू शकतो. बोअरचं पाणी फार जड असेल तर आरओ अर्धंअर्धं मिसळा.

पाणी किंचित आम्ल आणि तांबूस करायला ‘कटप्पा लीव्ह्ज’ म्हणून पाकिटं विकतात. तो आपल्या रस्त्याकडेला लावलेला बदामच, टर्मिनालिया कटापा. आपोआप गळून पूर्ण तपकिरी झालेलं पान घ्या, धुऊन वाळवा, वीस लिटरला एक मध्यम पान पुरे. फवारणी झालेल्या बागेतलं किंवा रहदारीच्या धुळीत माखलेलं नको.

आता सोबती. दीड फुटीत नेराइट गोगलगाई एक-दोन, बस. त्यांचं कवच टणक, काचेवरचं शेवाळ खातात आणि गोड्या पाण्यात त्यांची पिल्लं वाढत नाहीत. काचेवर पांढरे ठिपके म्हणजे त्यांची अंडी, ती राहतात एवढाच त्रास. मोठी पिवळी मिस्टरी गोगलगाय सुंदर दिसते, पण तिच्या लांब मिशा फायटरला अळ्या वाटतात आणि तो तोडतो. चेरी झिंगे टाकले तर त्यांचा खाऊ होण्याची तयारी ठेवा. चार-पाच सेंटिमीटरचे अमानो झिंगे दाट रोपांत टिकतात.

दोन फुटीत (२४×१२×१२, प्रत्यक्ष पाणी चाळीस लिटरच्या आसपास) एक नर फायटर आणि एक गट: आठ हार्लेक्विन रासबोरा, किंवा दहा एम्बर टेट्रा, किंवा सहा कोरीडोरास. मधला आणि तळाचा असे दोन्ही थर भरायचे असतील तर तीन फुटी बघा. गटातले मासे ‘दोन-दोन घेऊन बघू’ म्हणून घ्यायचे नसतात. कळपात राहणारे मासे कमी पडले की घाबरट होतात किंवा दुसऱ्याच्या शेपटीला चावे घेतात. कोरीडोराससाठी बारीक वाळू लागते. किटमधली धारदार रंगीत खडी त्यांच्या मिशा झिजवते. संगमरवरी खडी तर कोणत्याही फायटरच्या टाकीत नको, ती पाणी जड करत राहते. उन्हाळ्यात पाणी २८ च्या वर चढणाऱ्या घरांत, विदर्भात विशेषतः, पेपर्ड जातीचे कोरीडोरास टाळा. स्टेर्बाई जात उष्णता जास्त सोसते.

दुकानदार बहुतेक वेळा सुचवतो ते मासे वेगळेच असतात. ‘टाकी साफ ठेवतो’ म्हणून दिला जाणारा सकर पहिला बाद. दोन इंचांचा दिसतो, वाढून फुटापलीकडे जातो, साफ करण्यापेक्षा घाण जास्त करतो. मग कंटाळून लोक तो तळ्यात-नदीत सोडतात आणि तिथल्या देशी माशांवर संकट आणतात. गोल्डफिशला थंड पाणी आवडतं आणि त्याची विष्ठा भरपूर. टायगर बार्ब आणि सर्पे टेट्रा शेपूट कुरतडतात. गप्पीचा प्रश्न उलटा: तिची रंगीत, रुंद शेपूट पाहून फायटर तिला दुसरा नर समजतो. गुरामी जवळचे नातलग असल्याने भांडण ठरलेलंच.

नर-मादी कायम एकत्र नको. मादीला पळायला जागा नसली तर नर तिला फाडतो. पाच-सहा माद्यांची ‘सोरॉरिटी’ व्हिडिओंत छान दिसते, पण ती रोज लक्ष ठेवणाऱ्या, वेगळ्या टाक्या हाताशी असणाऱ्या माणसाचं काम आहे. मधे पारदर्शक पट्टी असलेले दोन कप्प्यांचे डबेही नकोत. समोरासमोर दोन नर दिवसभर कल्ले फुगवत राहतात, पाणी एकच असल्याने आजारही एकच, आणि पट्टीवरून उडी मारायला त्यांना फार वेळ लागत नाही.

जातीनुसारही फरक पडतो. आखूड शेपटीचा प्लाकट चपळ असतो, सोबत्यांचा पाठलाग करू शकतो. लांब शेपटीचे हाफमून आणि क्राउनटेल मंद, तेच कुरतडले जातात. पण कोणताही फायटर सोबत स्वीकारेलच असं गृहीत धरू नका. काही नर गोगलगाईलाही सोडत नाहीत.

म्हणून क्रम असा. नवे मासे दोन ते तीन आठवडे वेगळ्या टाकीत बघून मग मुख्य टाकीत सोडा. आधी सोबती, दाट रोपं, मधे दृष्टी अडवणारं एखादं लाकूड. फायटर सगळ्यात शेवटी, म्हणजे टाकी आधीच आपली असल्याचा त्याचा समज होत नाही. पहिल्या दिवशी थोडं कल्ले फुगवणं चालेल. पण एकच मासा कोपऱ्यात दाबला जात असेल, शेपटीत अर्धचंद्र खाचा दिसत असतील किंवा फायटर जेवायला वर येत नसेल, तर वाट न बघता फायटरला बाहेर काढा. इथे तो सुरुवातीचा दीड-दोन लिटरचा ॲक्रिलिक डबा कामाला येतो: रोज पाणी बदलून दोन-चार दिवसांचा दवाखाना म्हणून, तेवढ्यापुरताच.