इन्फोग्राफिक पहिल्यांदाच करताय? कॅनव्हा, गूगल स्लाइड्स, डेटारॅपर आणि बाकीच्यातलं कुठलं घ्यायचं

"सर, यातलं कुठलं घेऊ सांगा की ओ," असं आमच्या शाळेतल्या नव्या बाईंनी विचारलं आणि तिथल्या तिथं मला एक नाव सांगता आलं नाही, कारण त्यांना दोन इन्फोग्राफिक, म्हणजे चित्रं आणि आकडे वापरून माहिती सांगणारी पोस्टर, करायची होती आणि दोन्ही अगदी वेगळी. एक मलप्रभा नदीच्या प्रवासाचं, म्हणजे आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम, मग असोगा, खानापूर, पुढं सौंदत्तीजवळ नविलतीर्थचं धरण आणि शेवटी कुडलसंगमला कृष्णेला मिळते, एकूण 304 किलोमीटर. दुसरं पोरांनी जून ते सप्टेंबर रोज मोजून वहीत लिहिलेल्या पावसाचं. पहिल्यात गोष्ट आहे, दुसऱ्यात आकडे आहेत. टूल निवडताना आधी एवढं ठरवा, निम्मं काम तिथंच होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्याकडं पोस्टर मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीत लागतं, बघायला येणारे पालक दोन्ही भाषांचे असतात. आणि या टूल्सची तुलना करणारे जे व्हिडिओ असतात ते टेम्प्लेट, म्हणजे तयार नमुने, किती सुंदर एवढंच दाखवतात, त्यात इंग्रजी मजकूर असतो म्हणून ते सुंदर दिसतं. तिथं देवनागरी टाइप केलं की त्या फॉन्टमध्ये ती अक्षरंच नसतात, मग ब्राउझर स्वतःकडचा कुठलातरी फॉन्ट लावतो आणि सगळी मांडणी हलते. म्हणून कुठल्याही टूलमध्ये सगळ्यात आधी "दुसऱ्या वाऱ्याची ॲलर्जी, शाळेतलं कुळ" असलं काहीतरी टाइप करून बघा. ऱ्या तुटतोय का, ॲ नीट येतोय का, आणि ल, श आपल्या वळणाचे आहेत की हिंदी वळणाचे. पोरं वहीत जसं लिहितात तसंच भिंतीवर दिसलं पाहिजे, मला तरी हे फार महत्त्वाचं वाटतं.

या बाबतीत पोस्टर करायचं कॅनव्हा आणि प्रेझेंटेशन करायचं गूगल स्लाइड्स दोन्ही चांगले. कॅनव्हात देवनागरी आणि कन्नड दोन्हींचे फॉन्ट तयार मिळतात. स्लाइड्समध्ये फॉन्टच्या यादीत "मोअर फॉन्ट्स" वर जाऊन लिपी निवडायची. माझी आवडती जोडी म्हणजे मराठीला बालू आणि कन्नडला बालू तम्मा, मुंबईच्या एक टाइपनं केलेलं हे एकच कुटुंब आहे, त्यामुळं दोन लिप्या शेजारी ठेवल्या तरी एकाच हातानं लिहिल्यासारख्या दिसतात. निव्वळ मराठी असेल तर तिरो देवनागरी मराठी घ्या, त्यात ल आणि श आपलेच आहेत. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीतला, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला, मजकूर आणला असेल तर तो तसाच पेस्ट करू नका, नुसती चिन्हं येतील, आधी युनिकोडमध्ये, म्हणजे आपण मोबाइलवर टाइप करतो त्या पद्धतीत, बदलून घ्या नाहीतर परत टाइप करा.

आता डाउनलोड. हे मी एका टूलवर अख्खी संध्याकाळ घालवून शिकलो, पोस्टर तयार झालं आणि शेवटच्या बटणावर पैसे मागितले. तेव्हापासून मी आधी रिकाम्या पानावर एक चौकोन काढून तो डाउनलोड करून बघतो, मगच कामाला लागतो. कॅनव्हाच्या फ्री अकाउंटवर पीएनजी (चित्राची फाइल) आणि पीडीएफ दोन्ही निघतात, फक्त मुकुटाचं चिन्ह असलेली चित्रं घेऊ नका, ती पैशाची असतात आणि पैसे न देता वापरली तर चित्रावर वॉटरमार्क, म्हणजे पुसट शिक्का, येतो. स्लाइड्समध्ये कसलीच अट नाही, पेज सेटअपमध्ये हवं ते माप टाका, पण तयार चित्रं कमी, आणि बाण, चौकोन, रेषा सगळं आपणच जुळवत बसायचं. पिक्टोचार्ट मलेशियातलं, खास इन्फोग्राफिकसाठीच केलेलं, लांब उभ्या पोस्टरची मांडणी त्यात छान जमते पण फ्रीमध्ये मोजकीच डाउनलोड मिळतात. वेंगेजची टेम्प्लेट मला सगळ्यात आवडली, एकाखाली एक पायऱ्या दाखवायला तर फारच, पण फाइल हातात हवी असेल तर पैसे भरावे लागतात, शाळेच्या कामाला ते नको वाटतं.

पावसाच्या पोस्टरला मात्र माझं मत पक्कं आहे, डेटारॅपर. बर्लिनमधल्या कंपनीचं आहे, फुकट कितीही चार्ट करा, पीएनजी मिळतो, खाली त्यांचं नाव बारीक येतं एवढंच. एक्सेलमधला तक्ता कॉपी करून पेस्ट करायचा, तपासायचा, चार्ट निवडायचा, पब्लिश करायचं, चार पायऱ्या. कॅनव्हातही चार्ट होतो, पाच-सहा आकडे असतील तर तोच बरा, पण चार महिन्यांचे रोजचे मिलिमीटर घातले तर सगळी गिचमिड होते. इन्फोग्रामचे चार्ट हलते आणि देखणे, पण फ्री अकाउंटवरचं काम सगळ्यांना दिसतं आणि डाउनलोड पैसे भरल्यावरच, त्यामुळं भिंतीवर लावायच्या पोस्टरला त्याचा उपयोग नाही.

फक्त मोबाइल असेल तर विचारच करू नका, कॅनव्हा. डेटारॅपरला कॉम्प्युटरच बरा. शिक्षक असाल तर कॅनव्हा फॉर एज्युकेशन फुकट आहे, शिक्षक असल्याचा पुरावा द्यावा लागतो, त्यात ती मुकुटवाली चित्रंही बरीचशी उघडतात.

बाईंनी शेवटी चार्ट डेटारॅपरमध्ये केला आणि त्याचा पीएनजी कॅनव्हातल्या पोस्टरवर बसवला, हे मला सुचलंच नव्हतं. नदीचं पोस्टर पूर्ण कॅनव्हात. व्हॉट्सॲपवर पाठवताना मात्र फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक अक्षरं पुसट होतात. आणि स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा रंग फ्लेक्सवर मळका येतो, आमच्या पहिल्या पोस्टरचं तसंच झालं, कारण स्क्रीन उजेडानं रंग दाखवते आणि मशीन शाईनं. म्हणून दुकानात पाठवायच्या आधी साध्या ए4 कागदावर एक प्रिंट काढून भिंतीला चिकटवा, चार पावलं मागं या आणि चौथीतल्या एखाद्या पोराला मोठ्यानं वाचायला सांगा, जिथं ते अडखळेल तिथला फॉन्ट वाढवा.