घरून टॉरचा रिले चालवला : एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, मग तपशील. घरी फायबर लाईन असेल, एखादा लहान बोर्ड असेल आणि लाईट बऱ्यापैकी टिकत असेल, तर टॉर या ओळख लपवून इंटरनेट वापरू देणाऱ्या नेटवर्कसाठी आपला वाटा उचलणं बेळगावसारख्या गावातून अगदी जमण्यासारखं आहे. खरं, घरच्या लाईनवर उघड यादीत येणारा रिले (इतरांची वाहतूक पुढं पोचवणारं मशीन) ठेवू नका, ब्रिज (यादीत न छापला जाणारा रिले) ठेवा. पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा नेटवरचा पत्ता) मिळत नसेल तर स्नोफ्लेक, म्हणजे ब्राउझरमधूनच चालणारी छोटी सोय. मी उन्हाळ्याआधी साध्या रिलेपासून सुरुवात केली आणि भर पावसाळ्यात ब्रिजवर आलो. आता ब्रिजच चालू आहे आणि तोच चालू ठेवणार आहे.

ज्यांना टॉर नुसता ऐकून माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. टॉर ब्राउझरमधून निघालेली माहिती थेट वेबसाइटकडं जात नाही, ती तीन मशीनमधून फिरून जाते. पहिल्या मशीनला तुम्ही कोण हे कळतं, खरं तुम्ही कुठं चाललाय हे कळत नाही. शेवटच्याला कुठं जायचं ते कळतं, कोण निघालंय ते कळत नाही. मधल्याला यातलं काहीच कळत नाही. ही कल्पना 1990च्या दशकात अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्मली आणि 2006 पासून टॉर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था तिचा सांभाळ करते. तीन मशीन म्हणजे तीन रिले, आणि ते संस्थेच्या मालकीचे नसतात. जगभरातले स्वयंसेवक आपल्या खर्चानं ते चालवतात. सात-आठ हजार रिले आणि रोज वीस लाखांहून जास्त वापरणारे, असा साधारण पसारा आहे. यातले बहुतेक रिले जर्मनी, अमेरिका, नेदरलँड्स अशा मोजक्या देशांत एकवटलेत. भारतातले फारच थोडे. मी या भानगडीत पडलो ते यामुळंच. जे जाळं लोकांच्या जिवावर उभं आहे त्यात आपल्या बाजूची माणसं इतकी कमी असणं मला बरोबर वाटलं नाही.

सामान म्हणाल तर रास्पबेरी पाय 4 हा छोटा संगणक-बोर्ड, चांगल्या प्रतीचं मेमरी कार्ड आणि राऊटरसकट सगळं तोलणारा 12 व्होल्टचा छोटा यूपीएस. बोर्ड साधारण 5 वॉट खातो, म्हणजे महिन्याला साडेतीन-चार युनिट. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेतल्या 200 युनिटांच्या मर्यादेत राहणाऱ्या घराला ते जाणवतही नाही. पाय 4च्या प्रोसेसरमध्ये कूटलेखनासाठी (एन्क्रिप्शन) वेगळी सोय नाही आणि टॉरचं बरंचसं काम एकाच कोरवर चालतं, त्यामुळं फार मोठा वेग मागू नका. घरच्या लाईनला पुरेल एवढं तो आरामात करतो.

खरी अडचण पब्लिक आयपीची. आपल्याकडच्या बहुतेक लाईनी अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच आयपी देतात, आणि तसल्या लाईनवर रिलेही चालत नाही, ब्रिजही नाही, कारण बाहेरून कुणी तुमच्यापर्यंत पोचूच शकत नाही. आयपीव्ही6 हा नव्या पद्धतीचा पत्ता एकटा चालत नाही, जुना आयपीव्ही4 लागतोच. मी महिन्याला थोडे जादा पैसे भरून स्थिर आयपी घेतला. कंपनीनं दिलेला राऊटर मात्र हजारो जोडण्या एकदम उघडल्या की गुदमरायचा आणि सगळ्या घराचं नेट बंद पडायचं. त्यावर उपाय एकच निघाला. तो डबा नुसता मोडेमसारखा ठेवला आणि पुढं स्वतःचा बरा राऊटर लावला. हा खर्च बोर्डापेक्षा जास्त झाला, तेव्हा बजेट करताना तो आधीच धरा.

रिले सुरू झाल्याबरोबर गर्दी होईल असं समजू नका. नव्या रिलेवर नेटवर्क लगेच विश्वास ठेवत नाही. पहिले तीन दिवस तर सेकंदाला 20 केबीच्या वर कुणी वापरतच नाही. मग मोजमाप करणारे सर्व्हर तुमचा वेग तपासतात, आठवड्याभरानंतर पहिल्या टप्प्याचा रिले होण्याची पात्रता येऊ लागते, आणि सगळं स्थिरस्थावर व्हायला दोन महिन्यांवर जातात. शिवाय मोजमाप करणारे सर्व्हर मुख्यतः युरोप-अमेरिकेत, त्यामुळं इतक्या लांबच्या रिलेला कमीच गुण मिळतात. आलेख सपाट दिसला म्हणून बंद करून टाकणारे लोक मला भेटलेत. करू नका. थांबा.

मग पावसाळा लागला. बेळगावचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. झाड पडलं, फांदी तारेवर आली की लाईट गेली, आणि यूपीएस दोन-अडीच तास ओढतो, त्यापुढं नाही. टॉरमध्ये 'स्टेबल' नावाची एक खूण असते. तुमचा रिले दोन बंद पडण्यांच्या मधे सरासरी किती टिकतो यावरून ती मिळते. इतर रिलेंच्या मध्यकाइतका तरी टिकायला हवा, नाहीतर निदान 7 दिवस. आषाढात माझी ही खूण जायची आणि यायची. ती नसली की लांबलचक चालणाऱ्या जोडण्या तुमच्याकडं येत नाहीत. यावरून माझं मत पक्कं झालं : आपल्या भागात वेगावर पैसे घालण्याआधी बॅटरीवर घाला. 300 एमबीपीएसचा प्लॅन आणि दिवसाआड पडणारा रिले यापेक्षा 40चा प्लॅन आणि महिनाभर न हलणारा रिले नेटवर्कच्या जास्त कामाचा.

लाईट परत आल्यावरची एक गोष्ट कुणी सांगत नाही. पाय 4ला स्वतःचं बॅटरीवरचं घड्याळ नाही. तो जागा होतो तेव्हा जुनी वेळ धरून बसतो, राऊटर अजून नेटला लागायचा असतो, आणि चुकलेल्या घड्याळावर टॉर नीट जोडला जात नाही. आरटीसीचं, म्हणजे बॅटरीवरच्या घड्याळाचं, एक छोटं मोड्यूल काही शे रुपयांत येतं. ते लावा, आणि वेळ जुळल्यावरच टॉर सुरू होईल अशी सेटिंग करा.

आता मी रिले सोडून ब्रिजकडं का वळलो ते. साध्या रिलेचा आयपी सगळ्या जगाला दिसणाऱ्या यादीत असतो. ते बरोबरच आहे, नेटवर्क त्याशिवाय चालणार नाही. खरं बऱ्याच वेबसाइटी ती यादी उचलून सगळेच आयपी सरसकट अडवतात. मधल्या रिलेतून त्यांच्याकडं कधी काही जातच नाही, तरीही. एका बँकेचं नेटबँकिंग आमच्या घरातून उघडेनासं झालं, मग एक तिकीट काढायचं संकेतस्थळ. बायको घरून काम करते, वडिलांची पेन्शन बँकेत येते. माझ्या हौसेपायी त्यांची कामं अडावीत हे मला मान्य नव्हतं.

दुसरं कारण हिशेबाचं. रिलेसाठी दोन्ही बाजूंनी निदान 10 एमबीपीएस असावेत असं टॉर प्रोजेक्ट सांगतं. हा वेग सतत पूर्ण वापरला गेला तर महिन्याला सव्वातीन टीबी आत आणि तेवढेच बाहेर. आपल्याकडच्या बऱ्याच 'अनलिमिटेड' प्लॅनना आतून 3.3 टीबीची मर्यादा असते. माझा वापर प्रत्यक्षात त्याच्या खूप खाली राहिला, तरी मनाजोगता वेग मोकळा सोडता येत नाही ही रुखरुख होती. ब्रिजला 1 एमबीपीएससुद्धा चालतो. घरच्या लाईनसाठी तो नेमका बेताचा.

ब्रिज म्हणजे यादीत न छापलेलं प्रवेशद्वार. ज्या देशात टॉरची उघड यादीच अडवली जाते, तिथल्या माणसाला असा पत्ता मागून घ्यावा लागतो. रशियानं डिसेंबर 2021 मध्ये टॉर अडवायला सुरुवात केली. इराणमध्ये सप्टेंबर 2022च्या निदर्शनांच्या वेळी लोक असल्याच वाटांनी बाहेर पोचत होते. ओबीएफएस4 नावाचं आवरण चढवलं की पाहणाऱ्याला ही टॉरची वाहतूक आहे हे ओळखू येत नाही. एक पथ्य मात्र पाळा : जो आयपी आधी रिले म्हणून छापून आलाय, त्याच्यावरच ब्रिज उभा करू नका, तो आधीच काळ्या यादीत गेलेला असतो. मी नवा आयपी मागून घेतला, चाव्या (टॉरच्या ओळखीच्या गुप्त फाइली) नव्या केल्या, आणि 9001 हा नेहमीचा पोर्ट (जोडणीचा क्रमांक) टाळला. घरचं नेटबँकिंगही पूर्ववत झालं.

ब्रिज सुरू केल्यावर बरेच दिवस काहीच हललं नाही. पत्ते वाटण्याचे वेगवेगळे मार्ग आहेत आणि तुमचा नंबर कुठल्या मार्गात लागेल ते आपल्या हातात नाही. मग एके दिवशी आकडेवारीच्या फाइलमध्ये ओळ दिसली : रशिया 16, इराण 8. हे आकडे नेहमी 8च्या पटीतच येतात. एक माणूस आला तरी 8 लिहिलं जातं, म्हणजे चालवणाऱ्यालासुद्धा कुणा एकट्याचा माग लागू नये. ही रचना ज्यांनी केली त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. मदत करणाऱ्यापासूनही मदत घेणाऱ्याला जपलंय. आमच्या अनगोळच्या घरातून, जिन्याखालच्या फळीवरून, त्या देशातल्या कुणाला तरी बातमी वाचता येते, याचं समाधान मोठं आहे. ते कोण, काय वाचतात, हे मला कळत नाही, कळायलाही नको.

माझा मावसभाऊ खानापूर तालुक्यात जांबोटीकडं राहतो. तिकडं पाऊस आमच्या दुप्पट, लाईट गेली की दिवस-दिवस येत नाही, आणि नेट वायरलेस, पब्लिक आयपीचा प्रश्नच नाही. त्यानं स्नोफ्लेक लावलंय. ब्राउझरमध्ये एक्स्टेंशन टाकायचं, झालं. पोर्ट उघडणं नाही, स्थिर आयपी नाही. तो लॅपटॉप उघडतो तेव्हा चालतं, मिटतो तेव्हा थांबतं, आणि गेल्या 24 तासांत किती जणांना उपयोग झाला ते तिथंच दिसतं. स्नोफ्लेकची रचनाच येणाऱ्या-जाणाऱ्या मशीनांवर आहे, त्यामुळं त्याच्या लाईटीचं नेटवर्कला काही वाटत नाही. अँड्रॉइडवर ऑर्बॉट या ॲपमधूनही हेच करता येतं. ज्यांना नुसतं आजमावून बघायचंय त्यांनी इथून सुरुवात करावी असं मी आता सगळ्यांना सांगतो.

घरात प्रश्न विचारले गेले, आणि ते बरोबरच होते. वडील म्हणाले, "आपल्या लाईनीवरनं कोण काय करतंय ते तुलाच कळत नाही म्हणतोस. उद्या पोलीस आले तर काय सांगणार?" त्यांना मी एक्झिट म्हणजे काय ते समजावलं. शेवटचा रिले जो असतो, वेबसाइटला त्याचाच आयपी दिसतो. तक्रार झाली तर ती त्याच्या दारात येते. मॉस्कोतल्या एका गणिताच्या शिक्षकाला 2017 साली अटक झाली ती घरून एक्झिट चालवत होता म्हणून. दुसऱ्या कुणाचं लिखाण त्याच्या आयपीवरून गेलं होतं. आरोप मागे घ्यायला 2018 उजाडलं. तेव्हा घरून एक्झिट कधीच नाही, हा नियम. सेटिंगमध्ये एक्झिटरिले 0 अशी ओळ स्पष्ट लिहून ठेवा. ब्रिज आणि मधला रिले यांचा आयपी कुठल्याही वेबसाइटला दिसत नाही.

कायद्याचं म्हणाल तर टॉर वापरणं किंवा रिले चालवणं आपल्याकडं गुन्हा नाही. 28 एप्रिल 2022च्या सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या निर्देशांनी व्हीपीएन आणि व्हीपीएस (भाड्याचे आभासी सर्व्हर) पुरवणाऱ्यांना गिऱ्हाइकांच्या नोंदी 5 वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा काही व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर उचलले. ते वातावरण लक्षात ठेवा आणि आपल्या कनेक्शनच्या अटी एकदा नीट वाचा. दुसऱ्या बाजूनं हेही खरं, की खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमतानं सांगितलं, आणि त्या खटल्यातले अर्जदार के. एस. पुट्टस्वामी हे आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. वडिलांना हे नाव माहीत होतं. त्यानंतर त्यांनी विरोध केला नाही.

टॉरवरून वाईट धंदेही चालतात. सिल्क रोड नावाचा अमली पदार्थांचा बाजार 2013 मध्ये बंद पाडेपर्यंत तिथंच होता. हे मी लपवत नाही. त्याच जाळ्यावर बीबीसीनं 2019 मध्ये आपली बातम्यांची प्रत ठेवली, कारण काही देशांत ती दुसऱ्या वाटेनं पोचत नव्हती. सीमाभागात मोठं झालेल्या माणसाला मला वेगळं सांगावं लागत नाही : कुठल्या भाषेतलं वाचतो, कुठल्या सभेला जातो, यावरून माणसाला मोजलं जातं तेव्हा कसं वाटतं. कुणी न बघता वाचता येणं ही लहान गोष्ट नाही. एक मर्यादा मात्र आहेच. सरकारनं इंटरनेटच पूर्ण बंद केलं तर टॉर काही करू शकत नाही.

बसवणार असाल तर तीन गोष्टी पहिल्याच दिवशी करा. चाव्यांचं फोल्डर पेनड्राइव्हवर काढून ठेवा, कार्ड गेलं तरी ब्रिजची ओळख आणि लोकांना दिलेला पत्ता टिकतो. अपडेट आपोआप होतील असं लावा. आणि टॉरच्या अकाउंटिंगमॅक्स या सेटिंगमध्ये तुमच्या प्लॅनला झेपेल एवढी मासिक मर्यादा घाला, म्हणजे महिनाअखेरीस घरच्यांचं नेट मंदावणार नाही. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर भागात कुणी बसवत असेल आणि राऊटरच्या सेटिंगपाशी अडत असेल तर खाली विचारा, जमेल तेवढं सांगेन.